एकच रूट, दर वेळी नवी गल्ली: शिवाजी पार्क ते राणीबाग पळत मुंबई कशी बघायची

मुंबईत पळणारी माणसं गेल्या काही वर्षांत खूप वाढलीत, पण बहुतेक सगळे मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस नाहीतर घराजवळच्या मैदानाला फेऱ्या. समुद्राचा वारा कोणाला नको असतो, पण पळता पळता शहर बघायचं असेल तर समुद्राकडे पाठ करून आत शिरायला लागतं. मी दादरची. माझा सगळ्यात आवडता रूट शिवाजी पार्कवरून निघतो आणि दादर पूर्व, पारशी कॉलनी, नायगाव, परळ, लालबाग करत भायखळ्याच्या राणीबागेशी संपतो, साधारण नऊ-दहा किलोमीटर. कित्येक वर्षं तोच धरलाय आणि अजून संपलेला नाही.

कारण साधं आहे. रूट एकच ठेवायचा आणि दर वेळी त्यातली फक्त एक गल्ली बदलायची. दर रविवारी नवीन एरिया, नवीन रूट असं केलं की सगळा वेळ मॅपकडे बघण्यात जातो आणि कुठलीच वस्ती नीट कळत नाही. मुख्य रस्ता पायाखालचा झाला की डोळे मोकळे होतात, मग कुठली बिल्डिंग पाडली, कुठे पत्रे लागले, कुठल्या दुकानाचा बोर्ड बदलला हे आपोआप दिसायला लागतं. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय.

रूट आखताना

पहिली गोष्ट, रूट रेल्वेलाईनला समांतर ठेवा. मुंबईत ही फार मोठी सोय आहे आणि ती कोणी वापरत नाही. माझ्या रूटवर मध्य रेल्वेची दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा ही स्टेशनं ओळीने आहेत, म्हणजे पाय दुखला, पोट बिघडलं, पाऊस आला, काहीही झालं तरी जवळच्या स्टेशनवर जायचं आणि स्लो लोकल पकडायची. ही खात्री असली की अनोळखी गल्लीत शिरायला भीती वाटत नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. उत्तरेकडून दक्षिणेकडे पळायचं आणि दक्षिणेकडून ट्रेनने परत यायचं. सकाळची सगळी गर्दी सीएसएमटीकडे जाणारी असते, उलट बाजूच्या लोकलमध्ये घामेजलेल्या कपड्यांनीही बिनधास्त उभं राहता येतं. भायखळ्याहून स्लो लोकलने दादर चौथं स्टेशन. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवा, मेन लाईनवरचा ब्लॉक सहसा उशिरा सकाळी सुरू होतो आणि तेव्हा स्लो गाड्या फास्ट लाईनवर टाकल्या की चिंचपोकळी, करी रोडला थांबत नाहीत. आठ-साडेआठला परतत असाल तर त्याची झळ लागत नाही.

तिसरी गोष्ट सावली. या रूटचा पहिला अर्धा भाग झाडांचा आहे आणि दुसरा अर्धा, म्हणजे परळपासून पुढे, जवळजवळ उघडा. म्हणून उशीर करून चालत नाही.

कधी निघायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले महिने. पण जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि मे अखेरीला सहाला, हे लक्षात ठेवून निघायची वेळ बदला. मी उजाडायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी निघते. त्याच्याही आधी निघणारे आहेत, पण अंधारात खड्डे दिसत नाहीत, कुत्री जास्त अंगावर येतात आणि मुळात बघायला निघालोय तर दिसायला नको का. बायकांनी एकट्याने पहिल्यांदा जाताना रविवारी उजाडल्यावरच निघावं आणि घरी रूट सांगून लाइव्ह लोकेशन चालू ठेवावं. दादर ते लालबाग हा पट्टा सकाळी जागा असतो, दूधवाले, पेपरवाले, फुलवाले, हॉस्पिटलची माणसं, त्यामुळे मला तरी तिथं एकटं कधी वाटलं नाही.

थंडीत हवा मात्र खराब असते हे मान्य करायला हवं. लांबच्या बिल्डिंगा धुरकट दिसायला लागल्या आणि घसा खवखवत असेल तर त्या दिवशी पळू नका, तोच रूट अर्धा चालत करा. दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

सोबत काय घ्यायचं

जास्त काही नाही. कमरेला लहान पाऊच, त्यात फोन झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत, कारण मुंबईच्या घामाने फोन पावसाइतकाच भिजतो. शंभर-दोनशे रुपये सुट्टे, दहा-वीसच्या नोटा, चहाच्या टपरीवर पाचशेची काढू नका. पास नाहीतर तिकिटाची सोय. एक ओळखपत्र, एक नॅपकिन, इलेक्ट्रॉलचं एक पाकीट. शक्य असेल तर पातळ टी-शर्ट गुंडाळून ठेवा, ट्रेनमध्ये चढायच्या आधी बदलता येतो. हेडफोन घरी. गाणी ऐकत पळायला ट्रेडमिल आहे, इथं मागून येणारी बाईक ऐकू यायला हवी आणि फुलबाजारातला आरडाओरडाही.

बूट साध्या रोड रनिंगचे, पण तळ घट्ट पकडणारा हवा. फूटपाथवरचे पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात, ओले झाले की निसरडे होतात आणि खाली साचलेलं पाणी पचकन पायावर उडतं.

रस्त्यावर पळायचं कसं

पेस इतकाच ठेवा की बोलता आलं पाहिजे. श्वास लागून बोलता येत नसेल तर तुम्ही काही बघतही नाही आहात. घड्याळ घाला, पण थांबताना ऑटो पॉज होईल असं सेट करा म्हणजे दर वेळी आकडे बिघडल्याची रुखरुख लागणार नाही. सरळ रस्त्यावर पळा आणि गल्लीत चाला, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. गल्लीत माणसं दात घासत असतात, पाणी भरत असतात, पोरं शाळेला निघालेली असतात, तिथे धावत घुसलं की सगळे दचकतात आणि मग कोणी बोलत नाही.

फूटपाथ बरा असेल तिथे फूटपाथ, नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. तरी उलट्या बाजूने येणाऱ्या बाईका गृहीत धरा, रिकामा रस्ता दिसला की त्या कुठूनही येतात. कुत्री भुंकायला लागली तर लगेच चालायला लागा, डोळ्यात बघू नका, हात हलवू नका, त्यांची हद्द संपली की ती गप्प होतात.

आता प्रत्यक्ष रूट

सुरुवात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव माहीम पार्क होतं आणि १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं. कट्ट्याची एक फेरी एक किलोमीटरपेक्षा थोडी जास्त भरते, तेवढा वॉर्म-अप पुरे. इथे सकाळी क्रिकेटच्या नेटपासून मल्लखांबापर्यंत सगळं चाललेलं असतं. मैदानातल्या लाल मातीची धूळ उन्हाळ्यात खूप उडते म्हणून मी आतून नाही, बाहेरच्या फूटपाथनेच पळते. मग पाच मिनिटं समुद्राच्या बाजूला चैत्यभूमीपर्यंत जाऊन या. बाबासाहेब आंबेडकरांचं दिल्लीत ६ डिसेंबर १९५६ ला निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी इथे अंत्यसंस्कार झाले. हे ठिकाण रूटच्या सुरुवातीलाच का घेतलं ते पुढे येतंय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे देशभरातून लाखो लोक येतात, त्या दिवसांत पळायचे कपडे घालून मध्येमध्ये करू नका, जायचं तर दर्शनाला चालत जा.

तिथून रानडे रोड. दिवसभर इथे पाय ठेवायला जागा नसते, सकाळी सहाला रस्ता किती रुंद आहे ते पहिल्यांदा कळतं. वर बघा, दुकानांच्या डोक्यावर जुन्या बिल्डिंगांच्या गॅलऱ्या आणि जाळ्या अजून आहेत. पुढे स्टेशनजवळचा फुलबाजार. इथे पळणं विसरा, पाट्या डोक्यावर घेतलेली माणसं ‘ए बाजू, बाजू’ करत येत असतात आणि त्यांचा धंदा त्याच दोन तासांचा असतो. कडेने चालत जा. गणपती, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हा तुकडा सोडूनच द्या.

पूर्वेला जायला टिळक ब्रिज. अख्ख्या रूटवर चढ म्हणाल तर हा एवढाच. खाली पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वेचे रूळ दिसतात. ब्रिजवर काम चालू असेल किंवा फूटपाथ बंद असेल तर स्टेशनच्या पादचारी पुलाने या. उतरलं की दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली आणि ती बोरीबंदरहून दादरलाच आली होती. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी टॅक्सीवाल्याला ‘दादर टीटी’ असंच सांगतात. खोदादाद सर्कलवर एक मिनिट थांबून चारी बाजूंच्या बिल्डिंगा बघा, गोलाला धरून बांधल्यात.

इथून पुढे माझ्या मते या रूटचा खरा अर्थ सुरू होतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा न येणाऱ्या वस्त्यांमध्ये माणसं भराभर मेली, शहरातून लोक पळून गेले. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यांनी दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागात नवीन वस्ती आखली, रुंद रस्ते, झाडं, बिल्डिंगांमध्ये मोकळी जागा. हिंदू कॉलनीच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा नंबराच्या गल्ल्या त्यातूनच आल्या. पळताना हे पायांना कळतं, दादर पश्चिमेतून इथे आलं की खांदे सैल होतात, गार लागतं, आवाज कमी होतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका साथीनंतर कोणीतरी कागदावर मारलेल्या रेघांचा हा परिणाम आहे.

हिंदू कॉलनीतच राजगृह आहे, बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात बांधून घेतलेलं घर, त्यांच्या हजारो पुस्तकांसाठी. बाहेरून शांतपणे बघा, ते अजून कुटुंबाचं घर आहे.

मग रुईया कॉलेजवरून पाच उद्यान, म्हणजे फाईव्ह गार्डन्स. दादर पारशी कॉलनी मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली आणि या बागांना त्यांचंच नाव आहे. मुंबईतल्या इतर पारशी बागांना भिंती आणि गेट असतात, या कॉलनीला नाहीत, रस्ते सगळ्यांसाठी मोकळे. त्यामुळे इथे पळताना जबाबदारी जास्त. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, दारात रेंगाळून फोटो काढू नका. जामे जमशेद रोड, फिरदौसी रोड असे रस्ते एकेका फेरीत एकेक करून घ्या आणि झाडांकडे लक्ष ठेवा, रस्ता बदलला की झाड बदलतं. बाकावर बसून पाणी प्या, पुढे एवढी सावली मिळणार नाही. ज्यांना पाच-सहा किलोमीटरच करायचेत त्यांनी इथूनच माटुंग्याच्या बाजूला वळावं, फुलवाले, दाक्षिणात्य मंदिरं, कॅफे मद्रास किंवा स्टेशनजवळचं राम नायक. कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं.

पुढे जाणाऱ्यांनी पारशी कॉलनीतून दक्षिणेला नायगावकडे निघायचं. दहा मिनिटांत सगळं बदलतं. बीडीडी चाळी लागतात. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला या बांधल्या. मधला लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना एकेक खोली, संडास सगळ्यांचे मिळून. आता पुनर्विकास चालू आहे, जुन्या चाळींच्या शेजारी टॉवर उभे राहतायत, म्हणून माझं मनापासून सांगणं आहे की या रूटमधला दुसरा कुठला तुकडा सोडलात तरी चालेल पण नायगाव आत्ताच बघून घ्या. चाळीचं मैदान, व्यायामशाळा, मंडळाचा फळा, फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेली निधन वार्ता नाहीतर दहावीच्या पोरांचं अभिनंदन, हे टॉवरच्या लॉबीत येणार नाही. फळे वाचायची सवय लावा, वस्तीत काय चाललंय ते सगळ्यात आधी तिथे कळतं.

नायगावहून भोईवाडा आणि तिथून जेरबाई वाडिया रोड. इथे ज्यांना वळण घ्यायचंय त्यांनी बारादेवीचं मंदिर विचारा. १९३१ मध्ये या भागात रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून शंकराचं एक प्रचंड शिल्प निघालं, साडेतीन मीटरच्या आसपास उंच, एकाच दगडात सात शिवमूर्ती, एकातून एक उमललेल्या. अभ्यासक ते साधारण सहाव्या शतकातलं मानतात, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या काळातलं. अजून तिथेच, वस्तीच्या मध्ये आहे. कुठल्याही वेळी जवळून बघता येईलच असं नाही, पण वाट विचारत विचारत जाण्यातच अर्धी वस्ती बघून होते. ‘काका, बारादेवी कुठं आलं?’ एवढंच विचारा, नुसता हात करून कोणी सोडत नाही, दोन वळणं सोबत येतात.

मग टाटा, वाडिया, केईएम असा सगळा हॉस्पिटलांचा भाग. इथे पळू नका. टाटाच्या आसपासच्या फूटपाथवर लांबलांबून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात, झोपलेले असतात, स्टोव्हवर चहा ठेवलेला असतो. चालत जा, आवाज न करता, आणि फोन पाऊचमध्येच ठेवा. चाललात तर दोन इमारती लक्षात ठेवा. एक हाफकिन इन्स्टिट्यूट, जिथे १८९९ मध्ये प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली, तीही परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये. आणि केईएम, १९२६ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या जोडीच्या मेडिकल कॉलेजसाठी पैसे देणाऱ्यांची अटच होती की शिकवणारे डॉक्टर भारतीय हवेत.

केईएमच्या मागे पोयबावडी, तिथे बीआयटी चाळ. हा बीआयटी म्हणजे तोच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ज्याने हिंदू कॉलनीची जमीन आखली. कामगारांसाठी त्यांनी खोल्यांच्या चाळी बांधल्या, आणि बाबासाहेब इथल्या एक नंबर चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. म्हणजे परदेशी शिक्षण, महाड, गोलमेज परिषद, सगळं त्या दोन खोल्यांच्या काळात. चैत्यभूमी, राजगृह, बीआयटी चाळ, आणि पुढचा राणीबागेपर्यंतचा अख्खा रस्ता त्यांच्याच नावाचा. एका सकाळी पायांनी त्यांचं आयुष्य शेवटाकडून सुरुवातीकडे बघून होतं, आणि चाळीतल्या खोलीपासून राजगृहापर्यंतचं अंतर नकाशावर किती थोडं आहे ते बघून मी दर वेळी थबकते.

परळहून डॉ. आंबेडकर रोडला लागलं की डोक्यावर लालबागचा फ्लायओव्हर येतो. खालचा रस्ता धुळीचा आणि आवाजाचा, म्हणून मोठ्या रस्त्यावर कमीत कमी राहा आणि समांतर गल्ल्या धरा. भारतमाता सिनेमा गिरणीच्याच जागेवर आहे, मराठी सिनेमा बघायला गिरणगाव तिथे लोटायचं. आजूबाजूला एखादी चिमणी अजून दिसते. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच जणांना परत कामावर जाताच आलं नाही. इथल्या वयस्कर माणसांशी बोललात तर प्रत्येकाच्या घरात ती तारीख आहे. स्वतःहून काढू नका, चहा पिता पिता त्यांनी काढली तर मात्र घाई करू नका, रन तिथेच संपला तरी चालेल.

लालबागमध्ये गणेश गल्ली (मंडळ १९२८ चं), लालबागचा राजा (१९३४) आणि पुढे चिंचपोकळीचा चिंतामणी (१९२०), सगळे चालण्याच्या अंतरात. गणपतीत इथे पळायचा विचारही नको, पण त्याच्या दीड-दोन महिने आधी मंडपांचे बांबू उभे राहायला लागतात ते बघायला जरूर या. आणि मार्च ते मे मसाल्याचा सीझन. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांची पोती, कांडप यंत्रांचा धडधडाट, वर्षाचा मसाला करून न्यायला आलेल्या मावश्या. दुकानं उघडल्यावर गेलात तर असा ठसका लागतो की पळणं बंदच, नाकावर नॅपकिन धरून चाला. पण एखाद्या मावशीला ‘मालवणी मसाल्याला काय काय घेता?’ विचारून बघा, सगळी यादी प्रमाणासकट मिळते. भूक लागली तर लाडू सम्राट आहेच.

तिथून सरळ राणीबाग. १८६२ मध्ये खुली झालेली ही बाग, आवारात १८७२ चं भाऊ दाजी लाड म्युझियम, आणि त्याच्या शेजारी घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीज त्या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले. बुधवारी बंद असतं, आणि म्युझियम सकाळी उशिरा उघडतं, म्हणून पळून आल्यावर ते होत नाही. एखाद्या शनिवारी साध्या कपड्यात, घरच्यांना घेऊन वेगळं जा. पळणाऱ्यांनी गेटवर घड्याळ बंद करायचं आणि भायखळा स्टेशनकडे चालत जायचं, तेवढाच कूल-डाऊन.

एक गल्ली कशी निवडायची

आदल्या रात्री मॅपवर रूटच्या एका बाजूची एकच गल्ली ठरवा, जास्तीत जास्त अर्धा किलोमीटर आत जाणारी आणि दुसरीकडून बाहेर पडणारी. बंद गल्ली असेल तर आत लोकांची घरंच असतात, तिकडे विचारून जा. नाव वाचून निवडा, वाडी, आळी, बावडी, तलाव असं काही नावात असेल तर तिथे पूर्वी काय होतं हा प्रश्न घेऊन जाता येतं. गल्लीत शिरल्यावर तीन गोष्टी बघायच्या: बिल्डिंगच्या कपाळावरचं साल आणि नाव, तळमजल्यावर कसली दुकानं आहेत, आणि सकाळी कोण कुठे जमतं. नायगावात पाण्याच्या वेळेला, लालबागेत चहाच्या टपरीला, हिंदू कॉलनीत पेपरवाल्यापाशी.

बोलायचं तर आधी काहीतरी विकत घ्या, चहा, केळं, पेपर, काहीही. काका, मावशी, दादा, ताई म्हणून सुरुवात करा. ‘इथे जुनं काय आहे?’ असं विचारलं तर लोक गोंधळतात, ‘ही बिल्डिंग कधीची हो?’ असा साधा प्रश्न विचारा. फोटो बिल्डिंगचा काढायला हरकत नसते, चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांसकट कोणाच्या दाराचा काढायचा असेल तर विचारा. पुनर्विकासाच्या भागात तर अनोळखी माणूस फोटो काढताना दिसला की लोकांना बिल्डरचा माणूस वाटतो, त्यांची काळजी खरी आहे, सरळ सांगून टाका की पळायला आलेय आणि बघतेय.

पावसाळा आणि ऊन

पावसात पळायला मजा येते आणि मीही पळते, पण हिंदमाता परिसर पाणी भरण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि गांधी मार्केट, किंग्ज सर्कलही. हा रूट नायगावमधून जातो, तरी जोराच्या पावसात भरतीची वेळ बघूनच निघा, समुद्राला भरती असली की शहरातलं पाणी बाहेर जायला जागा मिळत नाही. एक नियम कधीच मोडू नका: ज्या पाण्याखाली रस्ता दिसत नाही त्यात पाय घालायचा नाही. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात प्रभादेवीला उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. आणि पायाला साधं खरचटलेलं असताना साचलेल्या पाण्यातून गेलात तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते, ताप यायची वाट न बघता दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडे जा.

एप्रिल-मेमध्ये घाम वाळतच नाही, दमट हवेत शरीर थंड होत नाही. तेव्हा अंतर निम्मं करा, दर दोन किलोमीटरला पाणी, आणि चक्कर किंवा अंगावर काटा आल्यासारखं वाटलं तर लगेच सावलीत बसा. शहाळं, लिंबूपाणी, कुठे मिळालं तर कोकम सरबत, हे सगळं वाटेत मिळतं.

परतल्यावर

ट्रेनमध्येच दोन-चार ओळी फोनवर लिहा: आजची गल्ली, एक बिल्डिंग, कोणी काय सांगितलं. घरी गेल्यावर लिहीन म्हटलं की राहतं. मॅपवर तेवढी गल्ली रंगवा. काही महिन्यांनी मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंग पसरलेला दिसतो आणि मग घरच्या म्हाताऱ्या माणसांना तो दाखवा, माझ्या आईने तर त्यात तिच्या माहेरच्या तीन जागा काढून दिल्या.

दादरला राहत नसाल तर हीच पद्धत तुमच्या लाईनवर लावा. गिरगावकरांना चर्नी रोड ते मुंबई सेंट्रल हा पट्टा आहे, गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा, खोताची वाडी, १८९३ पासून गणपती बसवणारी केशवजी नाईक चाळ, आणि आता परतायला मेट्रो ३ पण आहे. वांद्र्याला रनवार आणि पालीच्या गावठाणातल्या गल्ल्या घेत खार, सांताक्रूझपर्यंत जाता येतं. ठाण्याला तलावपाळीपासून सुरू करा. नवीन पळणाऱ्यांनी पहिले काही रविवार शिवाजी पार्क ते पाच उद्यान आणि परत एवढंच करावं, आणि ते करतानाही गल्ली एकच.